स्पेनचे प्रांत आणि त्यांच्या राजधान्या : फॉर्म भरण्याआधी वाचा

नकाशेवाला

स्पेनला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांच्या प्रश्नांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून हा वेगळा धागा. घोळ 'राजधानी' या शब्दाचा आहे. तिथे राजधानी देशाला असते, स्वायत्त प्रदेशाला असते आणि प्रांतालाही असते. बरेचदा तिन्हींची नावं सारखी असतात. त्यामुळे कागद एका खात्याचा, माणूस दुसऱ्याच शहरात रांगेत, असं होतं.

खालून वर जाऊ. सगळ्यात खाली नगरपालिका, आयुन्तामिएन्तो. देशभरात सुमारे ८,१०० आहेत, आणि शंभर-दीडशे वस्तीच्या खेड्यालाही स्वतःची असू शकते. एकट्या बुर्गोस प्रांतात ३७१ आहेत. त्यावर प्रोविन्सिया, एकूण ५०. त्यावर कोमुनिदाद आउतोनोमा, एकूण १७. शिवाय आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची सेउता आणि मेलिया ही दोन स्वायत्त शहरं, जी कुठल्याच प्रोविन्सियात येत नाहीत. सगळ्यात वर माद्रिदचं केंद्र सरकार.

सतरापैकी सात प्रदेश एकाच प्रोविन्सियाचे आहेत: आस्तुरियास, कान्ताब्रिया, ला रिओखा, नावारा, माद्रिद, मुर्सिया आणि बालेआर बेटं. तिथे प्रांत आणि प्रदेश यांची हद्द एकच, प्रांताचं वेगळं मंडळ नाही, म्हणून गोंधळही कमी. उरलेल्या दहांत खरी मजा. आंदालुसियात आठ प्रांत, कास्तिया इ लेओनमध्ये नऊ.

काम कुठल्या पातळीचं, ते आधी ठरवा:

राहण्याची नोंद (पादरोन): नगरपालिका.
परदेशी नागरिकाचं कार्ड, वाहन परवाना: केंद्राचं काम, पण ते प्रांतातल्या कार्यालयातून होतं.
दवाखाना, शाळा, घरखरेदीचा कर: प्रदेश.
लहान गावांचे रस्ते, अग्निशमन, कचरा, पालिकांच्या वतीने करवसुली: प्रांताचं मंडळ, म्हणजे दिपुतासिओन.

दिपुतासिओनच्या सदस्यांना लोक थेट मत देत नाहीत. नगरसेवकांतून ते निवडले जातात. प्रांताची लोकसंख्या ५ लाखांपर्यंत असेल तर २५ सदस्य, १० लाखांपर्यंत २७, ३५ लाखांपर्यंत ३१ आणि त्यापुढे ५१. आपल्या जिल्हा परिषदेची आठवण येईल, पण तिथे गट-गण नाहीत.

प्रदेशांच्या राजधान्यांपैकी फक्त दोन प्रांताच्या राजधान्या नाहीत. कुठल्या, ते ओळखा बघू.

अनुस्वार

उत्तर राखून ठेवते, आधी शब्दाचं बोलू. प्रोविन्सियाला 'प्रांत' म्हणणं शब्दकोशात बरोबर, डोक्यात चुकीचं. 'मुंबई प्रांत' म्हटलं की मराठी माणसाला अवाढव्य मुलूख दिसतो. आणि तहसील कचेरीच्या आवारात 'प्रांत आले' म्हणतात तेव्हा तो जिल्ह्याहूनही लहान उपविभागाचा अधिकारी असतो. प्रोविन्सिया दोन्हींत बसत नाही. आकार, कामं आणि मुख्यालयाचं गाव बघता ती आपल्या जिल्ह्याच्या सगळ्यात जवळची. कोमुनिदादला 'राज्य' म्हणायचा मोह टाळावा, कारण स्पेन संघराज्य नाही. 'स्वायत्त प्रदेश' ठीक.

धाग्यात 'प्रांत' वापरा, हरकत नाही. वाचताना मनात 'जिल्हा' ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

चिंचोका

मेरिदा आणि सान्तियागो दे कोम्पोस्तेला? मेरिदा एस्त्रेमादुराची राजधानी, पण बादाखोस प्रांतात. सान्तियागो गालिसियाची राजधानी, पण आ कोरुन्या प्रांतात.

नकाशेवाला

बरोबर. दोन्ही ठिकाणी मोठ्या शहरांची चढाओढ मिटवायला तिसरं, जुनं आणि मानाचं गाव निवडलं गेलं. एस्त्रेमादुरात बादाखोस आणि कासेरेस हे दोनच प्रांत, त्यामुळे कुणा एकाला दिलं की दुसरा रुसणार. मेरिदा ही रोमन काळातल्या लुसितानियाची राजधानी, नाव ठेवायला कुणाला जागा उरली नाही.

पिनकोड_४११

फॉर्म भरताना प्रांत ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पोस्टाचा पाच आकडी क्रमांक. पहिले दोन आकडे = प्रांत. क्रम वर्णानुक्रमे: ०१ आलावा, ०२ आल्बासेते, ०३ आलिकान्ते, असं करत ५० सारागोसा. मग ५१ सेउता, ५२ मेलिया. रोजच्यातले: ०८ बार्सिलोना, २८ माद्रिद, २९ मालागा, ४१ सेविया, ४६ वालेन्सिया, ४८ बिस्काइया.

तीन आकडे वर्णानुक्रमात बसत नाहीत असं वाटेल. आस्तुरियास ३३, म्हणजे ओरेन्से आणि पालेन्सियाच्या मध्ये. कान्ताब्रिया ३९, सेगोवियाच्या आधी. ला रिओखा २६, लुगोच्या आधी. कारण हे क्रमांक जुन्या नावांवर बेतलेले आहेत: ओविएदो, सान्तान्देर, लोग्रोन्यो. प्रांतांची नावं १९८० ते १९८३ दरम्यान बदलली, आकडे तेच राहिले.

तिसरा आकडा ० असेल तर पत्ता प्रांताच्या राजधानीतला, असं बहुतेक वेळा धरता येतं. म्हणून:

१५००१ आ कोरुन्या, पण १५७०१ सान्तियागो.
०६००१ बादाखोस, पण ०६८०० मेरिदा.
३६००१ पोन्तेवेद्रा, पण ३६२०१ विगो.

प्रदेशाची राजधानी असूनही सान्तियागोला शून्य मिळालेला नाही, हे बघा. पोस्ट प्रांत मानतं, प्रदेश नाही. उलट अपवादही आहेत. मुर्सिया शहराच्या हद्दीतल्या वाड्यांना ३०१ ने सुरू होणारे क्रमांक आहेत, म्हणजे शून्य नसूनही राजधानीचीच पालिका.

आता नेहमीचे दोन घोळ.

एक, एक्सेल. ०१ ते ०९ या नऊ प्रांतांचा सुरुवातीचा शून्य एक्सेल खाऊन टाकतं. ०८००१ चं ८००१ होतं आणि कुरियरचं पोर्टल 'अवैध पत्ता' म्हणतं. क्रमांक भरायच्या आधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. भरून झाल्यावर केला तर गेलेला शून्य परत येत नाही.

दोन, सांख्यिकी संस्थेचा पालिका क्रमांक. तोही पाच आकडी, आणि त्याचेही पहिले दोन आकडे प्रांताचेच. बार्सिलोना शहराचा हा क्रमांक ०८०१९. आणि ०८०१९ नावाचा पोस्टाचा विभागही बार्सिलोनात आहे! म्हणजे चूक झाली तरी फॉर्म तक्रार करत नाही, पत्र मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं. 'कोदिगो पोस्ताल' लिहिलंय की 'कोदिगो दे मुनिसिपिओ', ते वाचूनच भरा.

तळटीप

नावं कशी बदलली त्यावरून थोडं मागे जावं लागेल.

आजचा नकाशा मुळात ३० नोव्हेंबर १८३३ च्या हुकुमाचा. राजा सातवा फेर्नान्दो दोन महिन्यांपूर्वीच वारला होता, गादीवर तीन वर्षांची मुलगी, कारभार राणी मारिया क्रिस्तिनाच्या हाती. मंत्री खाविएर दे बुर्गोस यांनी देशाचे ४९ प्रांत पाडले. (आडनाव बुर्गोस, गाव मात्र दक्षिणेकडचं मोत्रिल.) नेम साधा होता: प्रांताला राजधानीच्या गावाचं नाव द्यायचं. अपवाद चार, नावारा, आलावा, गिपुस्कोआ आणि बिस्काइया. तिथे जुने हक्क आणि जुनी नावं दोन्ही टिकली. म्हणून आजही बिस्काइयाची राजधानी बिल्बाओ, गिपुस्कोआची दोनोस्तिया, आलावाची व्हितोरिया, नावाराची पाम्प्लोना. नावं जुळत नाहीत तिथे हा इतिहास असतो.

४९ चे ५० झाले १९२७ मध्ये. कानारिया बेटांचा एकच प्रांत होता, राजधानी सान्ता क्रूस दे तेनेरिफे. लास पाल्मासला ते कधीच रुचलं नाही. शेवटी दोन तुकडे केले.

त्याआधी १८२२ मध्ये ५२ प्रांतांचा एक आराखडा निघाला होता. त्यात कालातायुद, खातिवा आणि वियाफ्रान्का देल बिएर्सो यांनाही राजधानीचा मान होता. उदारमतवाद्यांचं सरकार पडलं आणि आराखडाही बुडाला. ही तिन्ही गावं आज शेजारच्या प्रांतांत मुकाट नांदतात.

१९७८ च्या संविधानानं स्वायत्त प्रदेश उभे करताना याच प्रांतांच्या विटा वापरल्या. प्रांत अखंड उचलायचा, फोडायचा नाही. त्यामुळे कुठल्याही प्रदेशाची सीमा प्रांताच्या मधून जात नाही. आल्बासेते पूर्वी मुर्सियाबरोबर मोजायचे, तो अख्खा उचलून कास्तिया-ला मांचात गेला. सेगोवियाला एकट्याचा प्रदेश हवा होता, त्याला १९८३ मध्ये कायदा करून कास्तिया इ लेओनमध्ये घेतलं. लेओनमध्ये 'आम्ही वेगळे' ही धुसफूस अजून आहे.

आंदालुसियाचा किस्सा तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी बघावा. २८ फेब्रुवारी १९८० च्या सार्वमतात प्रत्येक प्रांतात एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त होकार हवा होता, नुसत्या झालेल्या मतांच्या नव्हे. आठपैकी आल्मेरिया अडकला. मागून कायदा बदलून गाडी पुढे ढकलली.

चिंचोका

> कास्तिया इ लेओन

याची राजधानी वायादोलिद ना? एस्तातुतोमध्येच (प्रदेशाच्या मूळ कायद्यात) लिहिली असेल.

तळटीप

नाही, तिथेच सगळे फसतात. कास्तिया इ लेओनच्या एस्तातुतोत राजधानीचं नाव नाही. सरकार आणि विधिमंडळ वायादोलिदमध्ये बसतं, ते संस्थांचं 'ठाणं' म्हणून. लेओन आणि बुर्गोस दोघांनाही 'राजधानी' शब्द खुपतो. विधिमंडळ तर २००७ पर्यंत वायादोलिदच्या बाहेर फुएन्साल्दान्याच्या किल्ल्यात भरायचं. बास्क प्रदेशातही तसंच, व्हितोरिया हे ठाणं. पत्रकार राजधानी म्हणतात, कायदा म्हणत नाही.

नकाशेवाला

आणि ठाणं एका गावात, न्यायालय दुसऱ्या गावात, ही तिथली पद्धतच आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचं आपल्याला अप्रूप, पण स्पेनमध्ये वाटणी कायमची असते:

मुर्सिया: सरकार मुर्सियात, विधिमंडळ कार्ताखेनात.
आंदालुसिया: सरकार आणि विधिमंडळ सेवियात, प्रदेशाचं उच्च न्यायालय ग्रानादात.
कास्तिया-ला मांचा: सरकार तोलेदोत, न्यायालय आल्बासेतेत.
कास्तिया इ लेओन: न्यायालय बुर्गोसमध्ये. बुर्गोसची समजूत अशी काढली.
एस्त्रेमादुरा: न्यायालय कासेरेसमध्ये.
गालिसिया: न्यायालय आ कोरुन्यात.
बास्क: न्यायालय बिल्बाओत.

कानारियात दोन राजधान्या, लास पाल्मास आणि सान्ता क्रूस. विधिमंडळ कायम सान्ता क्रूसला. सरकारच्या अध्यक्षाचं ठाणं मात्र दर कार्यकाळाला एका शहरातून दुसऱ्यात जातं, आणि उपाध्यक्ष तेव्हा उरलेल्या शहरात बसतो. न्यायालय लास पाल्मासला.

केंद्राच्या प्रतिनिधीचं (देलेगादो देल गोबिएर्नो) कार्यालय साधारणपणे प्रदेशाच्या राजधानीत असतं. गालिसियात ते आ कोरुन्यात आणि एस्त्रेमादुरात बादाखोसमध्ये आहे. सान्तियागोत किंवा मेरिदात जाऊन ते शोधू नका.

प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर ही राजधानी नसेल, असे प्रांत तीन: आस्तुरियासमध्ये ओविएदोपेक्षा खिखोन मोठं, पोन्तेवेद्रापेक्षा विगो, कादिसपेक्षा खेरेस. विगोवाल्यांना कार्यालयीन कामासाठी आपल्याहून कितीतरी लहान गावात जावं लागतं, आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही.

कागदपत्रे_दोन_प्रती

आता प्रत्यक्ष कामाचं. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर गेल्यावर परदेशी नागरिकाचं कार्ड (तिए) काढायचं असतं. स्पेनमध्ये दाखल होण्याच्या दिवसापासून एक महिन्याची मुदत असते. क्रम असा:

१. घर मिळालं की आधी पादरोन. हे नगरपालिकेचं काम. राहायला खेताफेत असाल तर खेताफेच्या पालिकेत जायचं, माद्रिदच्या नाही. दोन्ही माद्रिद प्रांतात आहेत, पालिका मात्र वेगळ्या. भाडेकरार आणि पासपोर्ट लागतो. करारात नाव नसेल तर करारात नाव असलेल्याचं संमतीपत्र.

२. पादरोनचा दाखला शेवटी काढा. बहुतेक कार्यालयांना तो तीन महिन्यांच्या आतला हवा असतो. घाईत पहिल्या दिवशी काढला आणि अपॉइंटमेंट चार महिन्यांनी मिळाली, की परत रांग.

३. अपॉइंटमेंट, म्हणजे सिता प्रेविया. पोर्टल पहिल्याच पानावर प्रांत विचारतं. इथे राहण्याचा प्रांत निवडायचा. माद्रिदमध्ये तारखा मिळत नाहीत म्हणून तोलेदो किंवा ग्वादालाखारा निवडणारे बरेच असतात. तारीख मिळते, खिडकीवर पादरोन बघतात आणि परत पाठवतात. तारीख गेली, महिनाही गेला.

४. प्रांत निवडल्यावर कामाचा प्रकार. बोटांचे ठसे देण्यासाठी पोलिसांच्या यादीतला 'तोमा दे उएया' हा पर्याय. त्याच्या शेजारी 'नुसता क्रमांक' (नीए) हा दुसरा पर्याय असतो. तो घेतलात तर कार्डाचं काम त्या खिडकीवर होत नाही.

५. अर्ज एक्स-१७ (कार्ड). एक्स-१५ हा नुसत्या क्रमांकाचा. नावांतला फरक एकाच आकड्याचा, त्यामुळे चुकीचा छापून नेणं अगदी सोपं.

६. शुल्काचा फॉर्म ७९०, संकेत ०१२. आत अनेक चौकटी असतात: पहिलं कार्ड, नूतनीकरण, दीर्घ मुदत. रक्कम चौकटीप्रमाणे बदलते. चुकीच्या चौकटीचे पैसे भरले तर वरचा फरक भरून भागत नाही, नवा फॉर्म आणि नवी पावती. पैसे बँकेत आधीच भरून पावती न्यायची, खिडकीवर घेत नाहीत.

७. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, ३२ × २६ मिमी. आपल्याकडचा पासपोर्ट साइज फोटो मोठा पडतो.

८. ठसे दिल्यावर कागदाचा तुकडा (रेस्ग्वार्दो) मिळतो, तो जपा. कार्ड साधारण महिना-दीड महिन्यानं त्याच प्रांतात मिळतं. मधल्या काळात घर बदलून दुसऱ्या प्रांतात गेलात तरी कार्ड आणायला जुन्याच ठिकाणी जावं लागतं.

सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

कोपऱ्यातली

प्रदेशाची हद्द ओलांडली की काय बदलतं, ते माद्रिदच्या दक्षिणेला स्वच्छ दिसतं. आरान्खुएस माद्रिद प्रदेशात. शेजारचं सेसेन्या तोलेदो प्रांतात, म्हणजे कास्तिया-ला मांचात. अंतर काही किलोमीटर. सेसेन्यात घरं स्वस्त म्हणून लोक तिकडे बघतात.

जुनं घर घेताना हस्तांतर कर (इतेपे) लागतो. तो घर जिथे आहे त्या प्रदेशाचा. सवलती सोडून मूळ दर माद्रिदला ६ टक्के, कास्तिया-ला मांचाला ९ टक्के. २ लाख युरोच्या घराला इकडे १२,००० आणि तिकडे १८,०००. कातालुन्यात दर १० टक्क्यांपासून सुरू, तेच घर तिथे २०,०००. नव्या बिल्डरच्या घराला हा कर नसून इवा (मूल्यवर्धित कर) लागतो, ते गणित वेगळं.

आरोग्य कार्डही प्रदेशाचंच. सेसेन्यात राहून माद्रिदला नोकरी असेल तर नेहमीचा डॉक्टर कास्तिया-ला मांचाचा. प्रदेश बदलला की जुनं कार्ड घेऊन नव्या पादरोनसह जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं आणि नवं काढायचं. काही महिन्यांपुरतंच राहणार असाल तर 'देस्प्लासादो' म्हणून तात्पुरती नोंद मागा, जुनं रद्द करून घेऊ नका. रेल्वे-बसचा माद्रिदचा मासिक पास मात्र ई१ आणि ई२ या क्षेत्रांतून हद्दीपलीकडे चालतो. तेवढंच सुख.

सुट्ट्यांचं पण बघा. वर्षाला जास्तीत जास्त १४, त्यातल्या २ पालिका ठरवते आणि उरलेल्या यादीत काही प्रदेशाच्या. एकाच कंपनीच्या दोन शाखांना वेगवेगळी सुट्टी असणं अगदी सामान्य.

आकडेमोड

बास्क प्रदेश आणि नावारा करांच्या नेहमीच्या पद्धतीत बसत नाहीत, हे जोडतो. बास्कमध्ये आयकर प्रांत गोळा करतो. बिस्काइया, गिपुस्कोआ आणि आलावा यांची प्रत्येकी वेगळी 'आसिएन्दा फोराल' (प्रांताचं करखातं) आणि प्रत्येकी ५१ सदस्यांची, लोकांनी थेट निवडलेली सभा. मग केंद्राच्या खर्चाचा वाटा म्हणून माद्रिदला ठरलेली रक्कम (कुपो) जाते. उरलेल्या देशात आयकराचं विवरण केंद्राच्या कर खात्याला.

नमुना: घर व्हितोरियात (आलावा), नोकरी मिरान्दा दे एब्रोत (बुर्गोस). पगारातून कापलेला कर केंद्राकडे जातो, कारण काम बुर्गोसमध्ये. विवरण मात्र आलावाच्या फोराल कार्यालयात, कारण राहणं तिथे. कापलेली रक्कम तिथे धरली जाते, वाया जात नाही. पण केंद्राच्या पोर्टलवर तयार मसुदा शोधत बसलात तर तो सापडणार नाही.

प्रांत मतदारसंघही असतो. लोकसभेच्या (कोंग्रेसो) ३५० जागा. प्रत्येक प्रांताला किमान २, सेउता-मेलियाला १-१, म्हणजे १०२. उरलेल्या २४८ लोकसंख्येप्रमाणे. २०२३ मध्ये माद्रिदला ३७, बार्सिलोनाला ३२, तेरुएलला ३, सोरियाला २.

चिंचोका

म्हणजे ३ टक्के मतं मिळाली की जागा? ती ३ टक्क्यांची अट वाचली होती.

आकडेमोड

ती अट माद्रिद-बार्सिलोनात चावते. लहान प्रांतात जागाच इतक्या कमी की ३ टक्के निरर्थक. तीन जागांचा प्रांत धरा, मतं: अ ३०,०००, ब २२,०००, क १४,०००, ड ८,०००. दोंट पद्धतीत प्रत्येकाची मतं १, २, ३ ने भागत जायची आणि सगळ्यात मोठे तीन भागाकार उचलायचे.

अ: ३०,००० / १५,००० / १०,०००
ब: २२,००० / ११,०००
क: १४,०००

मोठे तीन: ३०, २२ आणि १५ हजार. अ ला दोन, ब ला एक. क ला जवळजवळ १९ टक्के मतं मिळूनही भोपळा. आणखी हजारेक मतं असती तर चित्र बदललं असतं. म्हणून अशा प्रांतात तिसऱ्या-चौथ्या पक्षाची मतं हवेत जातात. त्यातूनही नोव्हेंबर २०१९ मध्ये 'तेरुएल एक्सिस्ते' या स्थानिक पक्षानं तीनपैकी एक जागा घेतली, कारण तो प्रांताच्या प्रश्नावर लढून पहिला आला.

सेनेटला तर मुख्य भूमीवरच्या प्रत्येक प्रांताला सरसकट ४. माद्रिदलाही ४, सोरियालाही ४.

तळटीप

बेटासारखे तुटलेले तुकडे राहिले.

त्रेविन्यो: बुर्गोस प्रांताचा तुकडा, चारही बाजूंनी आलावा. व्हितोरिया पंधरा-वीस किलोमीटरवर, आपली राजधानी बुर्गोस त्याच्या चौपट-पाचपट लांब. लोकांचे दवाखाने-बाजार व्हितोरियात, प्रशासन बुर्गोसचं. हलवायचं तर संविधानाच्या कलम १४१ प्रमाणे प्रांताच्या सीमेसाठी विशेष कायदा (लेय ओर्गानिका) लागतो, आणि त्याआधी कास्तिया इ लेओनच्या एस्तातुतोतल्या अटी. घोडं तिथे अडलंय.

रिन्कोन दे आदेमूस: वालेन्सियाच्या सात पालिका, तेरुएल आणि क्वेन्का यांच्या मध्ये.

पेतिया दे आरागोन: नाव आरागोनचं, प्रांत नावारा, आजूबाजूला सारागोसा. नोबेल विजेते रामोन इ काखाल इथले, जन्म १८५२.

यिविया: जिरोना प्रांत, चहूकडे फ्रान्स. १६५९ च्या तहानंतर ३३ 'खेडी' फ्रान्सला द्यायची ठरली होती. यिवियाला 'विया', म्हणजे नगराचा दर्जा होता, म्हणून ते खेड्यांत मोडलं नाही. एका शब्दानं गाव वाचलं.

पिनकोड_४११

पार्सल पाठवणाऱ्यांसाठी. ३५ आणि ३८ (कानारिया), ५१ आणि ५२ ने सुरू होणारे पत्ते इवाच्या क्षेत्राबाहेर आहेत. कानारियात इवाऐवजी इगिक, सर्वसाधारण दर ७ टक्के. मुख्य भूमीवर इवा २१. स्वस्त वाटेल, पण माद्रिदहून पाठवलेल्या पार्सललाही सीमाशुल्काचे कागद लागतात. मालाचं वर्णन आणि किंमत न लिहिता पाठवलं तर ते बंदरावर पडून राहतं. बरेच दुकानदार या चार आकड्यांना माल पाठवतच नाहीत. ०७ (बालेआर) मात्र इवाच्या आतलं, तिथे फक्त भाडं वाढतं.

विमानाचं तिकीट काढतानाही शहराचं नुसतं नाव टाकू नका. मेरिदा टाकलं की मेक्सिकोतलं येतं (एमआयडी); स्पेनच्या मेरिदाला विमानतळच नाही, जवळचा बादाखोसचा. ग्वादालाखारा (जीडीएल) मेक्सिकोचं, कार्ताखेना (सीटीजी) कोलंबियाचं. सान्तियागोसाठी एससीक्यू बघा, एससीएल म्हणजे चिली.

अनुस्वार

शेवटी ड्रॉपडाउनमधली गंमत. 'आमचा प्रांत यादीतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा नावाच्या रूपाची असते. काही ठिकाणी स्थानिक भाषेतलं नाव अधिकृत झालं आहे: खेरोनाऐवजी जिरोना, लेरिदाऐवजी येइदा, ओरेन्सेऐवजी ओउरेन्से, ला कोरुन्याऐवजी आ कोरुन्या, बालेआरेसऐवजी इयेस बालेआर्स. बास्कमधली रूपं २०११ च्या कायद्यानं आली: आराबा/आलावा, बिस्काइया, गिपुस्कोआ.

त्यामुळे बालेआर 'ब' मध्ये सापडलं नाही तर 'इ' मध्ये बघा. आ कोरुन्या कधी 'आ' मध्ये, कधी 'क' मध्ये 'कोरुन्या, आ' असं उलटं. लास पाल्मास 'प' मध्ये, ला रिओखा 'र' मध्ये. आलावा आणि आविला यांच्या पहिल्या अक्षरावर स्वराघाताची रेघ असते. काही पोर्टलांना ती रेघ कळत नाही, आणि हे दोन्ही प्रांत यादीच्या अगदी तळाला, सारागोसाच्याही खाली जाऊन बसतात.